शिवेवरची बाटली

दर तीन-चार वर्षांनी, देवदिवाळी उलटली की मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात श्री देव रामेश्वराला कौल लावतात. कौल मिळाला की दिवस ठरतो आणि त्या दिवशी नौबतीचा इशारा झाला की गाव घराबाहेर पडतो. चुली विझतात, दारांना कुलपं लागतात. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री असं सगळं घेऊन माणसं शिवेपलीकडे जातात. कुणी खाडीपल्याड, कुणी चिंदरच्या बाजूला, कुणी वायंगणीच्या अंगाला. तिथे झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि तीन दिवस, तीन रात्री बारा वाड्यांचा गाव ओस पडतो. यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही, शेठ-कूळ असा नाही. तीन रात्री झाल्यावर पुन्हा कौल लावायचा. देवाने होकार दिला की गाव भरतो. नाही दिला तर आणखी एक रात्र बाहेर.

या गावपळणीवर आक्षेप घेतले गेले आहेत, कारणं सांगणाऱ्या कथा अनेक आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. दारूशी तर या प्रथेचा काहीच संबंध नाही. तरीही गावातल्या व्यसनाचं काय करायचं हा प्रश्न माझ्यापुढे येतो तेव्हा मला हीच आठवते. हजारो माणसं एका शब्दावर घर सोडतात, पोलीस लागत नाही, दंडाची पावती लागत नाही. इतकी ताकद असलेल्या किनाऱ्यावर एखाद्या घरातला कर्ता मुलगा दारूने संपत असताना वाडी मात्र ‘तो जरा घेता’ एवढंच म्हणून गप्प बसते. आमच्या नात्यातल्या एका मामांच्या बाबतीत हेच झालं. पाच वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. मयताच्या दिवशीसुद्धा ‘पोटात दुखत होता’ असंच सांगितलं गेलं. म्हणून मला माग काढायचा आहे तो शिवेचा. दारूला गावाच्या शिवेबाहेर ठेवायची कल्पना कुठून आली, ती शीव कुणी कुणी आखली आणि तिच्या आत कोण जागं राहिलं, याचा.

सुरुवात जुनी आहे आणि थोडी उलटी आहे. कोकणातल्या गावाच्या शिवेला राखणदार असतो. कुणी त्याला देवचार म्हणतं, कुणी नुसतंच राखणो. तो रात्री हातात काठी घेऊन, पायात वहाणा घालून गावाला फेरी मारतो अशी समजूत. त्याला वर्षातून एकदा राखण द्यायची. कोंबडा, नारळ, विडी आणि पुष्कळ ठिकाणी दारू. म्हणजे आमच्या पूर्वजांनी बाटली शिवेवर नेऊन ठेवली ती गावाबाहेर घालवायची म्हणून ठेवलेली नव्हती, राखणदाराचा मान म्हणून ठेवलेली होती. पण तिची जागा ठरलेली होती, दिवस ठरलेला होता आणि हातही ठरलेला होता. गाऱ्हाणं घालणारा एकटा बोलतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, मग ती अर्पण होते. त्याच गाऱ्हाण्यात, त्याच माणसांच्या देखत, एखादी आई आपल्या झिलाची दारू सुटांदे म्हणूनही देवाला सांगते. मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. घरात जे कुजबुजत बोललं जातं ते इथे मोठ्याने, चारचौघांत बोललं जातं, आणि चारचौघे त्याला हुंकार देतात.

घरात आणि परड्यात जी होती ती माडी. माडाची न उमललेली पोय बांधून, हलकी ठोकून, तिचं टोक रोज कापत गेलं की रस ठिबकतो. मडकं लावायचं, सकाळ-संध्याकाळ चढून उतरवायचं. सूर्य वर येण्याआधी, आतून चुना फासलेल्या मडक्यात मिळते ती नीरा. चुना नसला आणि ऊन लागलं की काही तासांत तीच आंबून माडी होते. हे काम मालवणच्या किनाऱ्यावर भंडारी समाजाचं, गोव्यात रेंदेरांचं. माडीपासून शिर्का होतो, सान्ने फुगतात, आणि भट्टी लावली तर फेणी निघते. माडी पिऊन कुणी बिघडत नव्हतं असा दावा मी करणार नाही. पण माडावर चढणारा, विकणारा आणि पिणारा हे तिघे एकाच वाडीतले असत. आज किती प्यायलास हे विकणाऱ्याला ठाऊक असे, आणि पिणाऱ्याच्या आईलाही विकणाऱ्याचं घर ठाऊक असे.

ही ओळख मोडली ती कायद्याने. मालवण १८१२ मध्ये करवीरकरांकडून इंग्रजांकडे आलं, पण दारूवरचा सरकारी हात खऱ्या अर्थाने आवळला गेला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. चार्ल्स प्रिचर्ड हे अबकारी आयुक्त त्याचे शिल्पकार. रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर, त्यासाठी परवाना, गावोगावच्या लहान भट्ट्या बंद, त्यांच्या जागी सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्या, आणि विक्रीचा मक्ता सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला. मद्य एकाच जागी गाळलं की मोजता येतं, आणि मोजता आलं की त्यावर कर घेता येतो. पद्धतीचं सगळं तर्कशास्त्र एवढंच होतं. भंडाऱ्याची माडी करापायी महागली आणि उरणसारख्या ठिकाणच्या भट्ट्यांतून निघालेली मोहाची कडक दारू दुकानात येऊन बसली. सौम्य पेय जाऊन जहाल पेय आलं. आणि विकणारा आता वाडीतला राहिला नाही. त्याने मक्त्यापायी भरलेली रक्कम वसूल करायची होती, म्हणून जितकं जास्त खपेल तितकं त्याच्या फायद्याचं होतं.

याच सुमारास शीवसुद्धा सरकारची झाली. २६ डिसेंबर १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार झाला आणि मिठाबरोबर अबकारीच्या बाबतीतही गोव्याची व्यवस्था मुंबई इलाख्याच्या साच्यात बसवली गेली. कारण साधं होतं. गोव्यात दारू स्वस्त आणि रत्नागिरी जिल्ह्यात महाग, असं असेल तर ती बांद्याच्या, आरोंद्याच्या वाटेने येणारच. करार १८९२ मध्ये संपला. बांद्याची वाट अजून आहे.

लोकांनी हे निमूट सोसलं नाही. १८८० च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत आगरी, कोळी, भंडारी अशा समाजांनी पंचांसमोर दारू सोडण्याच्या शपथा घेतल्या. त्यात नीतीचा भाग होता तसा दराविरुद्धचा संतापही होता. पिणंच बंद केलं की मक्तेदाराचं दुकान आपोआप ओस पडतं. सरकारला यात महसुलाविरुद्धचा कट दिसला. व्यसनमुक्तीचं पुढचं जवळजवळ सगळं राजकारण इथे बीजरूपात दिसतं, म्हणून मी या जागी जरा थांबतो. गाव म्हणतो, आम्ही पिणार नाही. सरकार म्हणतं, मग आमच्या तिजोरीचं काय? अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्राच्या राज्य उत्पादन शुल्काचा महसूल वीस हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे. तेव्हाचा प्रश्न आजही जागचा हललेला नाही.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८ जुलै १८८० रोजी त्यांनी व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध तक्रार केली. माझ्या मते मराठी मुलखात ‘आमच्या वस्तीत दुकान कुठे असावं हे आम्हाला विचारा’ या मागणीचा हा पहिल्या काही लेखी पुराव्यांपैकी एक. पुढे १९०८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहिले आणि येणाऱ्याला हात जोडून परत फिरवू लागले. सरकारने धरपकड केली. त्याच वर्षी २४ जूनला टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाली आणि ते प्रकरण मागे पडलं. पण दुकानाच्या दारात उभं राहायची ती रीत राहिली. १९२१ मध्ये आणि १९३० मध्ये ती देशभर दिसली, आणि आता दारात उभं राहायला बायका पुढे आल्या होत्या. रेघ पुन्हा लोकांनी आखली होती, पण ती गावाच्या शिवेवरून सरकून दुकानाच्या उंबरठ्यावर आली होती.

स्वराज्य आल्यावर रेघ एकदम राज्याएवढी झाली. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला होता. डॉ. गिल्डर तेव्हा मंत्री होते. तो प्रयोग मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याबरोबर विरघळला. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यभर बंदी झाली. हेतूबद्दल मला शंका नाही. घटनेच्या ४७ व्या कलमात ते उद्दिष्ट लिहिलेलं आहे आणि ते लिहिणाऱ्यांनी घरं उद्ध्वस्त होताना पाहिली होती. पण आचऱ्याच्या बाजूने बघितलं तर काय झालं? माडाला मडकं लावणारा रातोरात गुन्हेगार झाला. आणि दक्षिणेला, काही तासांच्या वाटेवर, १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचं आणि नंतर भारताचं गोवा उघडंच राहिलं.

मुंबईत तर शिवेलाच भट्ट्या लागल्या. शब्दशः म्हणतो. मुंबई बेट जिथे संपून साष्टी सुरू होई त्या जागेचं नावच शीव. त्याच्या आसपास, धारावीपासून शीव-कोळीवाड्यापर्यंत, बंदीच्या वर्षांत हातभट्टीचं साम्राज्य उभं राहिलं आणि वरदराजन मुदलियारसारखी नावं त्यातूनच मोठी झाली. १९६० च्या दशकात सरकारने बंदी सैल केली, पण कायदा पुसला नाही. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो मागणारा मला आजवर भेटलेला नाही. जो नियम रोज सर्वांच्या देखत मोडतो त्याचं काय होतं हे या परवान्यात दिसतं.

त्याच मुंबईत आमच्या माणसांनी दुसरी एक शीव उभी केली होती, आणि तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. गिरणगावात, लालबाग-परळला, कोकणातल्या गावागावांच्या खोल्या असत. गावकीची खोली. एका खोलीत वीस-तीस माणसं पाळीपाळीने झोपत, कारण निम्मी रात्रपाळीला असत. ट्रंक भिंतीशी, वळकटी दोरीवर, जेवण खानावळीचं. खोलीला कमिटी, भाडं वाटून, नियम सर्वांना सारखे. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे कूड धोबीतलावला असेच चालत, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. पगाराच्या दिवशी कोण कुठे गेला आणि किती वाजता परतला हे या खोलीत लपत नसे. गावाला मनीऑर्डर गेली नाही तर पुढच्या खेपेला येणारा विचारत येई. व्यसन इथे नव्हतं असं कोण म्हणेल? गुत्ते गिरणीच्या फाटकासमोरच होते. पण घसरणारा माणूस एकटा घसरत नसे, बघणारे डोळे होते. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, खोल्या ओस पडत गेल्या, आणि नेमक्या त्याच दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आला. दहा-बारा रुपयांच्या पुडीसाठी घरातली भांडी विकणारी पोरं पहिल्यांदा दिसू लागली. ज्या पिढीला खोलीतले डोळे मिळाले नाहीत त्या पिढीच्या हातात पुडी पडली. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

अनिल अवचट या पोरांमागे फिरले, त्यांनी ‘गर्द’ लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. मुक्तांगणने जे केलं ते मला गाऱ्हाण्याच्या जवळचं वाटतं. माणूस सर्वांसमोर उभा राहून आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. १० जून १९३५ ला अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दोन दारुड्यांच्या भेटीतून जी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस चळवळ निघाली तिचाही गाभा हाच. पण मुक्तांगणने त्यात बायकोला घेतलं. ‘सहचरी’ नावाचा त्यांचा गट आहे. नवऱ्याची दारू लपवायची नाही, त्याच्या वतीने साहेबाला खोटं सांगायचं नाही, उधारी फेडायची नाही, हे तिथे बायका एकमेकींना शिकवतात. आमच्या मामींना हे कुणी सांगितलं असतं तर पोटदुखीची गोष्ट पाच वर्षं टिकली नसती.

याआधीच दुसरी एक वाट निघाली होती, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले. भट्ट्या बंद झाल्या, गाव बदलला, नशाबंदी हे गावसुधारणेचं एक सूत्र झालं. ते यश खरं आहे. पण त्या गावात पिणाऱ्यांना बांधून पट्ट्याने मारलं गेलं, हेही खरं आहे, आणि पुष्कळांनी तेच उचललं. मला ते मान्य नाही. मार खाल्लेला माणूस दारू सोडतो की गाव सोडतो, हे मारणारा बघायला जात नाही. ज्याला औषधाची गरज आहे त्याला खांबाला बांधणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला थंडीत उभं करणं. अचानक दारू बंद केली तर जुन्या पिणाऱ्याला कंप सुटतो, भास होतात, फेफरं येऊन जीवही जाऊ शकतो. त्या रात्री त्याच्याजवळ डॉक्टर हवा, निदान जागी माणसं हवीत.

विदर्भात रेघ जिल्ह्याएवढी झाली. वर्धा जिल्हा गांधीजींचा म्हणून १९७५ पासून कोरडा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या साथीने गावागावांतून चळवळ उठली आणि १९९३ पासून बंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. गडचिरोलीत बंदीनंतरही ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी अभियानाच्या कार्यकर्त्यांना गावोगाव बायकांचे गट उभे करावे लागले, कारण जिल्ह्याच्या सीमेवर पोलिसांची चौकी असते आणि गावाच्या शिवेवर रात्री कुणीच नसतं. बंदी मागणाऱ्या बायका पुढेही संघटित राहिल्या तिथे ती टिकली, हे मला त्या जिल्ह्यांकडून शिकायला मिळालं.

आणि मग ती आडवी बाटली. महाराष्ट्राच्या व्यसनविरोधी इतिहासात याहून नेटकं चिन्ह झालेलं नाही. गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्या पडताळतात आणि गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं. दुकान राहू दे म्हणायचं असेल तर उभी बाटली, बंद करा म्हणायचं असेल तर आडवी. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही शिक्का कुठे मारायचा ते कळतं. आणि आडवी पडलेली बाटली तिने आयुष्यभर घराच्या कोपऱ्यात पाहिलेली असते, नवऱ्याच्या उशाशी. हे २००८ च्या आदेशाने रुळलं, पण त्याचं कूळ जुनं आणि लांबचं आहे. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्याने गावाला हाच अधिकार दिला आणि १९२० पासून तिथे मतदान होऊ लागलं. ग्लासगोजवळचं कर्किंटिलॉक गाव अशा मतदानाने कित्येक दशकं कोरडं राहिलं.

दोन्हींमध्ये एक फरक आहे आणि तो कोकणाला फार बोचतो. स्कॉटलंडमध्ये बंदीसाठी झालेल्या मतांपैकी पंचावन्न टक्के आणि यादीतल्या किमान पस्तीस टक्के मतदारांचा कौल लागे. आपल्याकडे यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारायला हवा. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आता आमच्या वाड्यांची यादी डोळ्यांसमोर आणा. घरात म्हातारी एकटी. यादीत तिच्याखाली दोन सुनांची नावं, एक नालासोपाऱ्याला, एक डोंबिवलीला. त्या गणपतीला येतात, शिमग्याला जमलं तर येतात. मंगळवारी सकाळी बाटलीच्या मतदानाला कोण सुट्टी काढून येणार? म्हातारीने शिक्का मारला, तरी घराच्या तीन मतांतली दोन दुकानदाराच्या पारड्यात. शिवेच्या आत राहणाऱ्या बाईपेक्षा शिवेबाहेर असलेल्या सुनांची गैरहजेरी जड ठरते. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या डोळ्यांसमोर कोकण नसावं. किंवा दुकानदार असावा.

शिवाय मतदानाने परवान्याचं दुकान बंद होतं, एवढंच. गोवा बनावटीची बाटली मतपत्रिका वाचत नाही. गोव्यात कर कमी, म्हणून तीच बाटली तिथे स्वस्त. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आणि आडवाटांवर उत्पादन शुल्काची पथकं गाड्या पकडतात, बातमी छापून येते, खोकी रचून फोटो निघतो. २०१६ मध्ये सरकारने ग्रामसभेला ग्रामरक्षक दल नेमायचा अधिकार दिला, त्यामागे अण्णांचाच आग्रह होता. कागदावर हे शिवेच्या जुन्या राखणदाराच्या फार जवळ येतं. रात्री फेरी मारायला हाडामांसाचा माणूस. पण ज्याच्या घरी बाटल्या उतरतात तो फेरी मारणाऱ्याचाच चुलतभाऊ असतो, आणि पहाटे त्याच्याच होडीत बसून रापणीला जायचं असतं. अशा माणसाच्या पाठीशी सगळी वाडी उभी नसेल तर नुसत्या ओळखपत्राने तो काय करणार?

अंतराच्या रेघा तर आणखी पुष्कळ आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको असं सांगितलं, आणि ३१ मार्च २०१७ ला लहान वस्तीसाठी ते अंतर दोनशे वीस मीटरवर आणलं. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा नियम २००३ चा. त्यासाठी शाळांना रस्त्यावर पिवळी रेघ मारायला सांगितलं गेलं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. या रेघा मी निरर्थक मानत नाही. दहावीतल्या मुलाच्या हाताला पुडी जितकी लांब, तितकं बरं. पण रंग एका पावसाळ्यात जातो, आणि आमचा पावसाळा केवढा असतो ते सांगायला नको.

एका लांबच्या देशाची गोष्ट इथे आणतो, कारण ती आमच्या गावकीच्या खोलीसारखी आहे. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी बेचाळीस टक्के मुलं महिन्यातून निदान एकदा झिंगेपर्यंत पीत होती. २०१६ पर्यंत हा आकडा पाच टक्क्यांवर आला. तिथे मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत एकटं बाहेर राहायचं याची मर्यादा ठरवली, खेळाच्या आणि संगीताच्या वर्गांसाठी नगरपालिकेने पैसे दिले. आणि आईबाप रात्री गटागटाने वस्तीत फिरू लागले, पोरांना धाक घालायला नव्हे, दिसायला. आमच्याकडे भजनीबुवा आहेत, दशावतारी आहेत, वाचनालयं आहेत, शाळेची पटांगणं आहेत. संध्याकाळी सहा ते दहा या वेळात तिठ्यावर उभ्या असलेल्या पोरांना त्यातलं काय खुलं असतं, हे एकदा प्रत्येक वाडीने मोजायला हवं. मी आचऱ्याच्या तिठ्यावर उभा राहिलो की हेच मोजत असतो.

गावपळणीच्या तिसऱ्या रात्री काय असतं, ते पाहिलेल्यांना ठाऊक आहे. खाडीकाठच्या राहुट्यांना दार नसतं. कंदिलाच्या, आता बॅटरीच्या दिव्याच्या उजेडात सगळ्यांना सगळं दिसतं. भजन चाललेलं असतं. कोण पत्ते खेळतंय, कोण आजारी आहे, कुणाचं पोर रडतंय, कोण गप्प गप्प एका बाजूला बसलाय, कोण अंधारात उठून कुठे चाललाय. एरवी ज्या घरात मोठ्याने बोलणं ऐकू आलं की शेजारीण खिडकी लावून घेते, त्या घरातली माणसं तीन रात्री तिच्यापासून चार हातांवर झोपलेली असतात. गावात कुणाला मागे ठेवायचं नसतं, म्हणून पिणाराही बरोबर आलेला असतो. कुणीतरी त्याला पेज नेऊन देतं. कुणीतरी विचारतं, ‘हात कित्याक थरथरतत रे तुजे?’

सकाळी देवळात कौल लागतो. होकार आला की सामान बांधायचं, गुरं सोडायची आणि आपापल्या दारांकडे परतायचं.